‘एकाही मुस्लिम देशाने पॅलेस्टिनींना घेतलं नाही’ म्हणे!

गाझाची बातमी आली की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. मजकूर साधारण असा: ‘५७ मुस्लिम देश आहेत, पण पॅलेस्टिनी निर्वासितांना एकानेही घेतलं नाही, मुद्दाम छावण्यांत कुजवलं. आपण नाही का सिंधी बांधवांना सामावून घेतलं? आणि जगात फक्त यांचीच नातवंडं निर्वासित कशी?’

‘एकानेही नाही’ हे सपशेल खोटं. (५७ हा इस्लामी सहकार्य संघटनेच्या सदस्यांचा आकडा. त्यात खुद्द पॅलेस्टाईनही मोजलेलं आहे!) १९४८ साली, इस्रायलच्या स्थापनेवेळच्या युद्धात, सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घराबाहेर फेकले गेले, ते बहुतेक आसपासच राहिले. जॉर्डनने निर्वासितांना नागरिकत्व दिलं आणि १९५४ च्या कायद्यात ते पक्कं केलं. आज तिथे नोंदणीकृत पॅलेस्टिनी निर्वासित वीस लाखांच्या वर आहेत आणि बहुतेकांकडे जॉर्डनचंच नागरिकत्व आहे. अम्मानच्या वहदात छावणीतून उभा राहिलेला फुटबॉल क्लब तर देशाची लीग कितीदा तरी जिंकलाय. सीरियाने नागरिकत्व दिलं नाही, पण १९५६ च्या कायद्याने नोकरी-धंदा खुला केला. सक्तीची लष्करी सेवाही त्यासोबत आलीच.

‘छावण्यांत कुजवलं’ यात मात्र तथ्य आहे, आणि ते सर्वांत जास्त लेबनॉनला लागू पडतं. तिथे पॅलेस्टिनी डॉक्टर किंवा वकील म्हणून काम करू शकत नाही. २००१ पासून घरही विकत घेता येत नाही. छावणीची हद्द वाढत नाही म्हणून मजल्यावर मजले चढतात. बैरूतच्या शातिला छावणीत गल्लीतून मान वर केली की आकाशाऐवजी विजेच्या तारांचा गुंता दिसतो. त्यातच पाण्याचे पाइप, आणि शॉक लागून माणसं मेलेली आहेत. कारण उघड राजकीय आहे. लेबनॉनमध्ये सत्तेची वाटणी धर्म-पंथांनुसार होते. बहुसंख्येने सुन्नी असलेले हे लोक मतदार झाले तर गणित बिघडेल. त्यांना कायमचं वसवणार नाही, हे १९९० पासून राज्यघटनेच्या प्रस्तावनेतच आहे. कुवेतनेही १९९१ च्या आखाती युद्धानंतर लाखो पॅलेस्टिनींना परत येऊ दिलं नाही किंवा हुसकावलं. जॉर्डनही धुतल्या तांदळासारखा नाही: १९६७ साली गाझाहून आलेल्यांना त्याने नागरिकत्व दिलं नाही.

आता सिंधी बांधव. कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं हे खरंच. पण फाळणीनंतर आलेल्यांच्या नागरिकत्वाची सोय आपल्या राज्यघटनेच्या कलम ६ मध्येच होती. पॅलेस्टिनींच्या बाबतीत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर १९४८ रोजी ठराव १९४ करून परतू इच्छिणाऱ्यांना परतू द्यावं, असं म्हटलं. ते ज्या देशात परतणार तो देश इस्रायल, आणि फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेखही नाही.

नातवंडांचं म्हणाल, तर पाकिस्तानात जन्मलेली अफगाण मुलंही निर्वासित म्हणूनच नोंदली गेली. केनियातल्या दादाबच्या छावण्यांमध्ये सोमालींच्या पुढच्या पिढ्या तशाच वाढल्या. फरक आहे तो वेगळा: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मिळालं तरी ‘उन्र्वा’च्या (पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीची संयुक्त राष्ट्रांची संस्था) यादीतलं पॅलेस्टिनींचं नाव कायम राहतं. त्यावर खुशाल वाद घाला. पण तो घालायचा तर जॉर्डनने नागरिकत्व दिलं, हे आधी कबूल करावं लागेल.