५१ झाले होते रे, ५१!

"काका, तुमचा तो जहाजाचा गेम पूर्ण करून ठेवलाय."

परवा सकाळी साडेसात वाजता हे ऐकलं. घरात गणपती, बाहेर पाऊस, हातात पहिला चहा. आणि सांगणारा पुतण्या असा हसतोय, जणू विहिरीचे चार हंडे भरून ठेवलेत माझ्यासाठी.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' एप्रिलपासून खेळत होतो मी. जहाजावर साठ माणसं. कोणाचं नाव काय, कोण कसा मेला, कोणी मारला, हे सगळं वहीत भरायचं. तीन बरोबर आल्याशिवाय गेम हूं की चूं करत नाही, त्यामुळे अंदाजपंचे फार लांब जाता येत नाही. माझे ५१ झाले होते. उरले होते नऊ. त्या खलाशांच्या झोपायच्या झोळ्यांतून बाहेर आलेले पाय बघत मी तीन रात्री काढल्यात. झोळीवर नंबर काय, तो नंबर यादीत कोणाचा, पायात काय घातलंय. एकदा बायको पाणी प्यायला उठली, मागे उभी राहून बघितलं आणि काही न बोलता परत जाऊन झोपली. रात्री दीड वाजता नवरा कोणाचे तरी पाय मोठे करून बघतोय, बोलणार तरी काय.

आणि ह्या बाबाने काय केलं? यूट्यूबवर एक व्हिडिओ लावला, तोही दुप्पट स्पीडने, आणि पटापट नऊ नावं भरून टाकली. जहाजावरून उतरला. शेवटही बघितला. हे सगळं कधी, तर आम्ही खाली भजनात झांजा कुटत होतो तेव्हा. का, तर म्हणे काका किती दिवस अडकलेत.

डिलीट केला असता तर मी एवढा पेटलो नसतो. डिलीट केलेला परत उतरवता येतो. दोनेक जीबी आहे, आमच्याकडे त्याला दोन रात्री लागतात, फोन मागच्या माडाखाली छत्रीत ठेवावा लागतो, पण येतो. जे एकदा कळलं ते डोक्यातून कसं काढायचं? हा गेम माणूस आयुष्यात एकदाच खेळतो. दुसऱ्यांदा खेळायला आधी डोक्यावर नारळ पडावा लागेल, आणि मालवणात तीही सोय आहे, पण म्हणून काय खाली जाऊन उभा राहू? बरं, मी नवीन डाव मांडला असता, पण साहेब घावणे खाता खाता सांगायलाच लागले, "तो शेवटचा कोण होता माहितीये का काका?" कानावर हात जाईपर्यंत सहा नावं सांगून झाली होती.

मी ओरडलो. गणपतीत ओरडलो. आई आतून म्हणाली, "पोरान मदत केल्यान मरे, त्येचो कसलो राग? खेळ तो खेळ!"

खेळ तो खेळ! ह्याच घरात ह्याच माळ्यावर रात्रभर रमी चालते, पहाटे चारला पैशांवरून दोन चुलतभाऊ एकमेकांशी बोलायचे बंद होतात, त्याला जागरण म्हणायचं. माझा तो टाइमपास. चाळिशी आली, अजून गेम खेळतोस? हो, खेळतो. तुमचा तो ५६ भागांचा सासू-सुनेचा एकच प्रसंग संपला की सांगा, मग बोलू.

ह्याच पोराने आल्या दिवशी स्क्रीन बघून विचारलं होतं, "काका, ग्राफिक्स कार्ड उडालंय का?" का, तर चित्र काळं-पांढरं. अरे, मुद्दाम आहे ते! लुकास पोप नावाच्या माणसाने चारेक वर्षं घालवून जवळजवळ एकट्याने बनवलाय, संगीतसुद्धा त्याचंच. २०१८ साली आला. ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज १८०७ मध्ये आपोआप बंदराला लागतं, आत जिवंत कोणी नाही, आणि तुम्ही कोण? विम्याचा माणूस. तलवार नाही, बंदूक नाही, हिशेबाची वही घेऊन फिरायचं. त्यात हिंदुस्तानी खलाशीही आहेत. मी ज्या खिडकीत बसून खेळतो तिथून सिंधुदुर्ग दिसतो, दर दुसऱ्या घरातला कोणीतरी जहाजावर गेलेला, आणि अख्ख्या गावात ह्या गेमबद्दल बोलायला मला एक माणूस मिळत नाही. बीजीएमआयबद्दल, त्या मोबाइलवरच्या गोळीबाराबद्दल बोलायला? रिक्षा स्टँडवर उभे राहा फक्त.

तसं हे दुखणं जुनं आहे. लहानपणी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये सगळे 'मुस्तफा' 'मुस्तफा' करायचे. गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स' आहे हे मी सांगितलं तेव्हा मला शहाणा म्हणून रांगेतून बाहेर काढलं होतं. नाणं माझं होतं! मग सायबर कॅफेचा जमाना. सगळ्या कॉम्प्युटरवर व्हाइस सिटी, सगळ्यांच्या वहीच्या मागच्या पानावर चीट कोड, आणि मिशन एकानेही पुढे नेलेलं नाही, नुसते रणगाडे पाडतायत आकाशातून. मी 'बियाँड गुड अँड ईव्हिल'ची सीडी घेऊन गेलो. २००३ चा गेम, हिरोईनच्या हातात काठी असते, पण खरं काम कॅमेऱ्याचं. कॅफेवाला म्हणाला, हे कोण खेळणार? आणि खरंच, जगातही तेव्हा कोणी खेळलं नाही. 'सायकोनॉट्स'चं तेच, 'ओकामी'चं तेच. 'ओकामी'त कुंचल्याने आकाशात गोल काढला की सूर्य उगवतो राव! २००६ मध्ये आला, २००७ मध्ये तो बनवणारा क्लोव्हर स्टुडिओ बंद.

आणि पुणेकरांबद्दल तर मला बोलायचंच नाही. तरी बोलतो. मिसळ, बाकरवडी, दुपारी एक ते चार, सगळ्याचा अभिमान. 'राजी' हा गेम पुण्यात बनला, २०२० मध्ये आला, त्या वर्षी गेम अवॉर्ड्सला पदार्पणाच्या विभागात नामांकन मिळालं, हे किती पुणेकरांना माहीत आहे? माझ्या मेव्हण्याला नव्हतं. राजस्थानी किल्ले, हरवलेल्या भावाला शोधणारी पोर, मध्ये मध्ये बाहुल्यांच्या सावल्यांतून गोष्ट पुढे सरकते. मारामारी जरा ठोकळेबाज आहे, शेवट अर्धवट तोडल्यासारखा आहे, मान्य. म्हणून बघायचंही नाही?

'ड्रेज' मी जुलैत मासेमारी बंदीच्या दिवसांत एका मित्राला दाखवला. त्याची स्वतःची बोट आहे. म्हटलं हा तरी समजेल, मासेमारीचाच गेम, रात्र झाली की धुकं, धुक्यात नको ते दिसायला लागतं. तो म्हणाला, "दोन म्हयने जरा सुटी गावता, त्यात पण मासेच मारू?" तरी बसला अर्धा तास. बांगड्याचा चुलतभाऊ पकडला, तो दोन दिवसांत नासायला लागला, तर माझ्याकडे वळून, "ह्या होडयेत बरफ खंय आसा?" मला उत्तर नव्हतं. उठताना मात्र हळूच म्हणाला, "रात्रीचा दर्यात असाच वाटता, तां बरोबर दाखवलानी." इतक्या वर्षांत कुणा गेमचं एवढं कौतुक ऐकलं नव्हतं मी. आख्खा आठवडा खूश होतो.

असो. परवाच्या भांडणाकडे येतो. मी पेटलेलोच होतो, म्हटलं तुमच्यासारख्या गोळीबारवाल्यांमुळे चांगले स्टुडिओ मरतात! 'हाय-फाय रश' घे. २०२३ मध्ये आला, गाण्याच्या ठेक्यावर मारामारी, सगळ्यांनी डोक्यावर घेतला, आणि मे २०२४ मध्ये मालकांनी टँगो स्टुडिओच बंद करायचं जाहीर केलं! 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा नवा भाग घे, 'द लॉस्ट क्राउन'. लहानपणी डॉसवर तो पांढऱ्या विजारीतला राजपुत्र सगळ्यांनी खेळलाय, सगळे गळे काढतात, आणि २०२४ मध्ये इतका सुंदर भाग आला तर विकत कोणी घेतला? टीम पांगवली त्यांची!

पोरगं शांतपणे फोनमध्ये बघत होतं. मग म्हणालं, "काका, तो टँगो स्टुडिओ नंतर क्राफ्टनने घेतला. ऑगस्ट २०२४. गेमसकट."

क्राफ्टन म्हणजे बीजीएमआयवाले.

"म्हणजे आमच्या स्किनच्या पैशांतूनच वाचला ना तो?" स्किन म्हणजे गेममधल्या माणसाला विकत घेऊन घालायचे कपडे.

मी चहा प्यायलो. गार झाला होता.

"आणि तुम्ही 'द लॉस्ट क्राउन' कधी घेतला?"

आता हे त्याला विचारायची काही गरज होती का? सेलमध्ये घेतला. पाऊण किंमत उतरल्यावर. ओब्रा डिनही सेलमध्येच. माझ्याकडे १४३ गेम आहेत, पूर्ण किमतीला घेतलेला एक दाखवा, आणि उघडून बघितलेले तीस पण निघणार नाहीत. 'सायकोनॉट्स' दोनदा घेतलाय, कारण आधी घेतल्याचं विसरलो होतो. दोन्ही अजून तसेच आहेत. हे मी त्याला सांगितलं नाही. स्क्रीनवर माझ्या गेमची यादी उघडीच होती, त्याने स्वतःच बघितलं.

काल विसर्जन झालं. आज सकाळी चाकरमानी निघाले, गाडीत कोकमं, खाजं, दोन शहाळी आणि मागच्या सीटवर हा. पाया पडला, आशीर्वाद दिला, आता काय करणार. गाडी सुरू झाल्यावर काच खाली करून ओरडला, "काका, पुढच्या वर्षी 'ड्रेज' पण करून देतो!"