रूफटॉप टेंट घेण्याआधी मोजपट्टी घेऊन पार्किंगमध्ये जा

रूफटॉप टेंट, म्हणजे गाडीच्या टपावर बसवून तिथेच उघडून झोपायचा तंबू, घ्यायचं मनात असेल तर व्हिडिओ नंतर बघा. आधी मोजपट्टी घ्या आणि खाली पार्किंगमध्ये उतरा. ठाण्यात किंवा नवी मुंबईत फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने कुठला टेंट घ्यायचा हे त्याच्या सोसायटीचं पार्किंग ठरवतं, असं माझं ठाम मत आहे. वर्षातल्या बहुतेक रात्री टेंट भंडारदऱ्याला नसतो, घरीच मिटून पडलेला असतो.

आम्ही तिघं, मी, नवरा आणि मुलगी, गेली काही वर्षं सवड मिळाली की गाडीच्या टपावर झोपतो. त्यामुळे ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, लग्नकार्यात कोणी ना कोणी विचारतंच, "कुठला घेऊ गं?" तुकड्यातुकड्यात सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

उंचीचं गणित सोपं आहे, पण ते करून बघणारे फार थोडे. ब्रेझाची उंची १६८५ मिलिमीटर. त्यावर क्रॉसबारचे, म्हणजे टेंट ज्यांवर बसतो त्या टपावरच्या आडव्या दांड्यांचे, साधारण १० सेंटिमीटर आणि मिटलेल्या सॉफ्ट शेल, म्हणजे कापडी घडीच्या, टेंटचे ३० धरा. झाले दोन मीटर आठ-नऊ सेंटिमीटर. स्कॉर्पिओ-एन मुळातच १८५७ मिलिमीटर आहे, ती सव्वादोन मीटरच्या पुढे जाते. आता घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरांमधलं पझल पार्किंग, म्हणजे गाड्या यंत्राने एकावर एक कप्प्यांत सरकवणारं पार्किंग, डोळ्यांसमोर आणा. तिथल्या पाटीवर उंचीची मर्यादा लिहिलेली असते. ती वाचा. सेडानच्या कप्प्याचा तर विषयच सोडा. पोडियमवर, म्हणजे टॉवरच्या खालच्या पार्किंगच्या मजल्यांवर, जागा असेल तर छताची उंची मोजून गप्प बसू नका. सगळ्यात खाली लोंबणारा स्प्रिंकलरचा पाइप कुठे आहे ते बघा आणि त्याच्या खालून मोजा. रॅम्प संपतो तिथे गाडी तिरकी असते आणि वर नेमकी तुळई येते, तिथेही मोजा. मॉलच्या बेसमेंटच्या तोंडाशी टांगलेला काळा-पिवळा दांडा तर आहेच. खारघर-नेरुळच्या ज्या जुन्या वसाहतींत गाड्या उघड्यावर उभ्या असतात तिथे उंचीची अडचण नाही, पण रोजच्या उन्हाने टेंटचं कव्हर कडक होतं आणि घडीवर तडकतं.

म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांना प्रत्येक ट्रिपनंतर टेंट उतरवून ठेवावा लागणार. इथून पुढे सगळा प्रश्न वजनाचा.

टेंट बघायला गेलो होतो तेव्हा दुकानदार म्हणाला, "ताई, यावर तीनशे किलो चढलं तरी हलत नाही. बिनधास्त घ्या." मी विचारलं, "आणि गाडी चालू असताना टपावर किती चालतं?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो, कारण टेंट विकणाऱ्याला दुसरं काही नाही आलं तरी एवढं यायलाच हवं.

टपाचे दोन आकडे असतात. गाडी उभी असताना टप बरंच वजन झेलतो, कारण ते सरळ खाली खांबांवर उतरतं. गाडी धावायला लागली की तेच वजन ब्रेक लावला की पुढे ओढतं, वळणावर बाहेर फेकलं जातं, खड्ड्यात आदळतं. म्हणून चालत्या गाडीसाठीची मर्यादा फार कमी असते. बऱ्याच गाड्यांना ती ५० ते ७५ किलोच्या आसपास असते. हा आकडा गाडीच्या पुस्तकात असतो, डॅशबोर्डच्या खणात पडलेल्या त्या जाडजूड पुस्तकात. परदेशात विकल्या जाणाऱ्या तीन दारांच्या जिम्नीला तर फक्त ३० किलो दिलेले आहेत, आणि टपावर टेंट लावलेले सगळ्यात देखणे फोटो जिम्नीचेच असतात. या मर्यादेत क्रॉसबारही मोजायचे. मर्यादा ५० ची, बार ६ किलोचे, तर टेंटला ४४ उरले. साधा दोन माणसांचा सॉफ्ट शेल ४५ ते ६० किलोचा असतो, कडक कवचाचा हार्ड शेल ६० च्या पुढे.

टपाची मर्यादा एक, टपाच्या दोन्ही कडांना बसवलेल्या लांब रेलची दुसरी, क्रॉसबारची तिसरी. तिघांतली सगळ्यात कमी तीच आपली. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांवरचे चकचकीत रूफ रेल नुसते शोभेचे असतात, त्यांना वजनाशी देणंघेणं नसतं. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारा, आणि "चालतं हो मॅडम" एवढ्यावर समाधान मानू नका, पुस्तकातलं पान दाखवायला सांगा. सनरूफ असेल तर ते पान दोनदा वाचा.

पन्नास किलो टपावर आले की गाडी वेगळी वागते. माळशेजच्या वळणांवर ती जास्त कलते, अटल सेतूवर आडवा वारा लागला की स्टिअरिंगला जाणवतो, अ‍ॅव्हरेज घसरतो. गायमुखच्या खड्ड्यांतून रोज हे ओझं नाचवायचं काही कारण नाही. आणि निघाल्यावर पहिल्या चहाला थांबाल तेव्हा क्रॉसबारचे बोल्ट पान्याने तपासा. ते ढिले होतात.

आता हार्ड शेल की सॉफ्ट शेल? हार्ड शेल ही जुनी आणि उत्तम कल्पना आहे, इटलीतल्या मॅज्जोलिना या टेंटचा जन्म १९५८ सालचा. खटके काढले की मिनिटभरात उघडतो, मिटल्यावर चपटा बसतो, वाऱ्याला कमी अडतो. उंचीच्या बाबतीत तर तोच सरस. ज्यांचा स्वतःचा बंगला आहे, गाडी मोठी आहे आणि टेंट वर्षभर टपावरच राहणार आहे त्यांनी खुशाल घ्यावा. पण दर वेळी उतरवायचा असेल तर सत्तर-ऐंशी किलोचं धूड दोघांनी डोक्याच्या वर उचलायचं, हे मला पटत नाही. पूर्व जर्मनीत लोक ट्रबांटसारख्या चिमुकल्या गाडीच्या टपावर तंबू ठोकून समुद्रकिनारी जायचे. हलका टेंट असेल तर लहान गाडीवरही जमतं. माझा कौल हलक्या सॉफ्ट शेलला आहे.

तो ठेवायचा कुठे? मिटल्यावरही तो साधारण एक मीटर चाळीस बाय सव्वा मीटरचा असतो, लिफ्टमध्ये उभा करून न्यावा लागतो आणि घरात एक अख्खी भिंत अडवतो. आमचा बदलापूरला मामेसासऱ्यांच्या पडवीत असतो. त्यांनी वाशाला दोन कप्प्या बसवल्यात. खाली गाडी लावायची, दोर सोडायचा, टेंट हळूहळू क्रॉसबारवर टेकवायचा, चार पट्ट्या आवळायच्या. मामा दोर धरतात, नवरा दिशा देतो, मी नट आवळते. तिथून बारवीमार्गे मुरबाडला निघालं की पुढे माळशेज. कोकणात जायचं तर कर्जत-खोपोलीची वाट. कल्याण, बदलापूर, पनवेल, उरण, कुठेही आपल्या माणसाची पडवी असेल तर तिचा विचार आधी करा.

कापडाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण आपल्या हवेत खरी परीक्षा त्याचीच. पॉलिकॉटन, म्हणजे सूत आणि पॉलिएस्टरचं मिश्र कापड, जाड असतं, श्वास घेतं, आत घुसमट कमी होते, पण ते जड असतं आणि सुकायला वेळ लावतं. पॉलिएस्टर लवकर सुकतं, पण आतून घामेजतं. कोकणातल्या दमट रात्री तिघं जण बंद टेंटमध्ये झोपले तर पहाटे छताच्या आतल्या बाजूला थेंब लोंबतात आणि माणसांना वाटतं टेंट गळतोय. तो आपलाच श्वास असतो. म्हणून समोरासमोर दोन मोठ्या जाळीच्या खिडक्या, आणि पाऊस असतानाही उघडी ठेवता येईल अशी छपराखालची झडप, या दोन गोष्टी नसतील तर तो टेंट आपल्यासाठी नाही. गादीच्या खाली हवा खेळायला जाळीदार चटई घाला. फळी थंड पडते आणि गादी खालून भिजते, वरून हात लावला तर कळतसुद्धा नाही.

नवा पॉलिकॉटन टेंट आणला की आधी तो उघडून पाण्याने नखशिखांत भिजवा आणि पूर्ण सुकवा. धागे फुगतात आणि शिवणीची भोकं बुजतात. आणि ओला टेंट घडी करून ठेवू नका. पावसात आवरावा लागला तर घरी आल्यावर त्याच दिवशी उघडा. दोन दिवस राहिला तर शिवणीच्या कडेने मोहरीएवढे काळे ठिपके उठतात, ते नंतर निघत नाहीत आणि वासही जात नाही. सोसायटीची गच्ची कुलूपबंद असेल तर टेंट घेण्याआधी सेक्रेटरींशी बोलून घ्या.

विजेचं मात्र सगळ्यांनी लक्षात ठेवाच. काजवे बघायला लोक मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदऱ्याकडे लोटतात आणि वळवाच्या विजाही नेमक्या तेव्हाच असतात. गाडीच्या आत, काचा बंद करून, धातूच्या पत्र्याने वेढलेले असताना माणूस बराच सुरक्षित असतो. टपावरच्या कापडात तो उघड्यावर असतो. गडगडाट ऐकू आला की पोरांना घेऊन खाली गाडीत या, कंटाळा करू नका. टेंटमध्ये शेगडी, स्टोव्ह, धुमसता कोळसा काहीही नेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतला माणूस उठत नाही. आणि काजव्यांच्या झाडांवर हेडलाइट मारू नका, मला ते बघवत नाही.

शिडीचा विचार घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचा. दोन मीटर उंची कागदावर काहीच वाटत नाही. रात्री तीन वाजता दव पडलेल्या पायऱ्यांवरून, अर्धवट झोपेत, लघवीला उतरायचं असतं तेव्हा ती खरी कळते. आमच्या सासूबाई सोबत असल्या की आम्ही गावात खोली घेतो, त्यांच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. अगदी लहान मूल असेल तरी थांबा. अशा घरांनी जमिनीवरचा चांगला तंबू घ्यावा, काही हजारांत येतो. रूफटॉप लाखाच्या घरात जातो. शिवाय तो उघडला की गाडी जागेवर अडकली. सकाळी दूध आणायला जायचं तर आधी अख्खं अंथरूण आवरा.

मग आम्ही तो का घेतला? रत्नागिरीकडे कातळावर, सड्यावर फुरशांची, त्या विषारी सापांची, भीती असते आणि मुलगी जमिनीवर झोपली की मला झोप लागत नाही. सह्याद्रीत सपाट, कोरडी, बिनदगडाची जागा मिळणं कठीण, गाडीपुरती सपाट जागा मात्र मिळून जाते. चार चाकांखाली चपटे दगड सरकवले की झालं. आणि सकाळी खिडकीची चेन उघडल्यावर समोर अख्खी डोंगररांग असते. मुलीने शिखरांची नावं तिथेच पाठ केली.

जागा विचारूनच घ्या. साम्रद गावाकडे एका आजोबांनी आम्हाला पठारावरून उठवलं होतं. "बाई, हितं नका लावू, रातीला वारं लई सुटतंय. देवळामागं लावा, आडोसा हाय." त्यांचं ऐकलं म्हणून झोप लागली. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, येऊर, अशा जंगल खात्याच्या जागी मनाने गाडी लावून मुक्काम करायचा नाही. गावात विचारा, पैसे द्या, जेवण त्यांच्याकडेच घ्या. किनाऱ्यावर वाळूत गाडी घालू नका, भरती कोणासाठी थांबत नाही. सुरूच्या बनाच्या मागे लावा. आणि नारळाखाली तर कधीच नको, टपावर झोपलेला माणूस त्या नारळाच्या दोन मीटर जवळ असतो.

कायद्याचं थोडक्यात. नटबोल्टने बसणारा, निघणारा टेंट वेगळा आणि टप कापून, वेल्डिंग करून केलेला बदल वेगळा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या तपशिलांना सोडून गाडीत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. विमा कंपनीला टेंटबद्दल लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा.

पाऊस संपला की आम्ही बदलापूरला टेंट खाली घेऊन उघडतो, पाणी मारून शिवण तपासतो, चेनवर मेणबत्ती घासतो. ठाणे-डोंबिवलीकडच्या कोणाला घेण्याआधी प्रत्यक्ष बघायचा असेल तर कळवा, तारीख ठरली की सांगते. येताना गाडीचं पुस्तक आणा, आपण तो आकडा शोधू. आणि टेंटमध्ये जे जे झोपणार आहेत त्या सगळ्यांना घेऊन या, शिडी त्यांनी चढून बघायला हवी.