गॅडोलिनियम, चीन आणि आमचा सांगलीचा ग्रुप

एप्रिल २०२५ मध्ये चीननं सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर बंधनं घातली तेव्हापासून सांगलीच्या आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते केरळ-ओडिशाच्या वाळूत मोनाझाइट हे ह्या मूलद्रव्यांचं खनिज पडलंय, काढा आणि विषय संपवा. दुसरी म्हणते आधी उसाच्या बिलांचं बघा, असलं संशोधन श्रीमंत देशांनी करावं. मी इकडं जर्मनीत ड्रेस्डेनला ह्याच मूलद्रव्यांच्या ऑक्साइडवर काम करतो आणि मला दोन्ही पटत नाही.

आपल्या मोनाझाइटमध्ये सिरियम, लॅन्थनम, निओडिमियम भरपूर, पण गॅडोलिनियम आणि डिस्प्रोशियम अगदी थोडं, आणि चीनच्या यादीत नेमकी ही दोन्ही आहेत. शिवाय ह्यांचं रसायन इतकं सारखं की एकापासून दुसरं वेगळं करण्यातच खरा घाम निघतो.

लागतात कशाला? एक काम म्हणजे वस्तू अतिशय थंड करणं. गॅडोलिनियम गॅलियम गार्नेटसारखं ऑक्साइड चुंबकीय क्षेत्रात ठेवलं की आतले स्पिन, म्हणजे अणूंची बारकी चुंबकं, एका दिशेला येतात, उष्णता बाहेर पडते, ती काढून घ्यायची, मग बाहेरचा संपर्क तोडून क्षेत्र हळूहळू उतरवायचं, स्पिन परत विस्कटतात आणि त्याला लागणारी उष्णता स्फटिकातूनच ओढून घेतात, की झाला स्फटिक गार. जिओक आणि मॅकडूगल ह्यांनी १९३३ मध्ये गॅडोलिनियम सल्फेट वापरून ह्याच पद्धतीनं ०.२५ केल्विन, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसच्या जवळ, गाठलं होतं. तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमधला अमोनिया इथं कामाचा नाही, ४ केल्विनला हेलियम सोडून सगळं गोठलेलं असतं. आणि हेलियम आपण बाहेरून आणतो. २०२३ मध्ये केंद्राच्या क्वांटम मिशनला ६ हजार कोटी मंजूर झाले, पण सुपरकंडक्टिंग क्वांटम कॉम्प्युटर ज्या फ्रिजमध्ये चालतात त्याला तर त्याहून दुर्मिळ हेलियम-३, म्हणजे हेलियमचा हलका प्रकार, लागतो! ह्या चुंबकी पद्धतीला तो लागत नाही.

म्हणून म्हणतो, हे श्रीमंतांचं खूळ नाही. आणि सुरुवात महागही नाही. गॅडोलिनियम ऑक्साइडची पांढरी पावडर हवेतला ओलावा धरते, त्यामुळं आधी तापवून मगच वजन करायचं, नाहीतर प्रमाण चुकतं, मग अॅल्युमिना (अॅल्युमिनियम ऑक्साइड) घालून खलात मन लावून घोटायचं, गोळी दाबायची, १४००-१५०० अंशाला भाजायची. हे सांगली-मिरजेच्या कॉलेजात आरामात होईल. मोजायला हेलियम आणि मोठं मॅग्नेट लागतं, पण त्यासाठी इंदूरचं यूजीसी-डीएई हे संशोधन केंद्र आहेच, तिथं विद्यापीठांच्या लोकांना मोजमाप करता येतं. इकडंही प्रत्येक विभागाकडं सगळी मशिनं नसतात, सॅम्पल घेऊन लोक दुसऱ्या गावाला जातात, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही.

ग्रुपवर जे प्राध्यापक आहेत त्यांना मी सरळ सांगितलंय, कॉलेजकडं एक चांगली भट्टी मागा, पावडरीची प्रमाणं आणि भाजायचं टायमिंग मी आजच पाठवतो.