पांढऱ्या पट्टीची बाजू

नमस्कार. प्रवासातल्या मोबाइल फोटोंना इन्स्टंट प्रिंटचं, म्हणजे कॅमेऱ्यातून लगेच बाहेर येणाऱ्या पांढऱ्या चौकटीच्या फोटोचं, रूप कसं द्यायचं, या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही जरा ऐसपैसच देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: परवा काढलेला फोटो पन्नास वर्षांपूर्वीचा भासवणं ही लबाडी आहे. त्या नादात आकाशातले आणि सावल्यांमधले तपशील जातात. पांढरी चौकट म्हणजे निव्वळ नटवेपणा. आणि एवढंच प्रेम असेल तर सरळ खरा इन्स्टंट कॅमेरा घ्यावा.

लबाडीचं आधी. इथे तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच माळेत ओवल्या आहेत. इन्स्टंट फोटो कॅमेऱ्यातून बाहेर आला त्या दिवशी कसा दिसायचा, ही एक गोष्ट. तोच फोटो पुढे उन्हात किंवा दमट कपाटात वर्षानुवर्षं पडून कसा झाला, ही दुसरी. पिवळे डाग, ओरखडे, दुमडलेले कोपरे, उडालेले रंग हे सगळं दुसऱ्या खात्यातलं, आणि माझ्या कृतीत त्यातलं काहीही नाही. तयार फिल्टरांमध्ये मात्र ते हमखास असतं. तुमचा राग त्यांच्यावर असेल तर मी तुमच्याच बाजूला आहे. त्या फिल्टरांना मुळात विषयच कळलेला नसतो. उभ्या रेघांचे ओरखडे पडतात ते प्रोजेक्टरमधून पुन्हापुन्हा फिरणाऱ्या सिनेमाच्या रिळावर. १९७२ साली पोलरॉइड कंपनीचा एसएक्स-७० हा इन्स्टंट कॅमेरा आला, तेव्हापासून त्यांच्या या जातीच्या फोटोतलं चित्र पारदर्शक प्लास्टिकच्या थराखाली बंदिस्त असतं. तिथे तशा रेघा येणार कुठून? ग्रेनचं, म्हणजे फिल्मवरच्या दाण्यांचंही तेच. ३५ मिमीच्या इवल्या निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढली की दाणे डोळ्यांत भरतात. इन्स्टंट फोटो मोठा केलेलाच नसतो, उमटतो तेवढाच हातात येतो. म्हणून ग्रेनचा स्लायडर मी शून्यावरच ठेवतो.

आता तपशील. ते जातात हे खरं, आणि जावेत म्हणूनच तर हा खटाटोप. तुम्ही ज्या फोटोवर बोट ठेवलंत तो तलावाकाठच्या संध्याकाळचा आहे: होडी, तिच्यात बसलेला माणूस, मागे डोंगर. मोबाइल असा फोटो एका क्लिकमध्ये घेत नाही. तो लागोपाठ बऱ्याच फ्रेम घेऊन जोडतो, सावल्या उजळतो, आकाश आवरतो, कडा टोकदार करतो. परिणामी डोंगरावरचं झुडूप न् झुडूप, होडीतली दोरी, ढगांची किनार, सगळं सारख्याच ठसठशीतपणे समोर आलं. तिथे उभा असताना मला डोंगर म्हणजे नुसती काळपट आकृती दिसत होती, आणि नजर होती त्या माणसावर. तेव्हा तुम्ही ज्याला 'मूळ, खरा फोटो' म्हणता त्यावरही भरपूर हात फिरलेला आहे. फक्त तो फिरवण्याआधी मला कुणी विचारलं नव्हतं.

उजेड आणि अंधार एकाच वेळी पकडायचा इन्स्टंट फिल्मचा आवाका लहान. चेहरा नीट यावा तर आकाश पांढरं पडतं, सावलीत तपशील बुजतो. पण बुजलेला भाग गडद काळा होत नाही, कोळशासारखा राखट राहतो. बहुतेकांची गफलत इथेच होते. ते एडिटिंग ॲपमधला शॅडोजचा (सावल्यांचा) स्लायडर वर नेतात, त्याने झुडपं परत उगवतात आणि फोटो नुसता धुवट दिसतो. करायचं आहे ते उलट. आधी शॅडोज खाली ओढून तपशील बुजवायचा, मग कर्व्हचं, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा उजेड ठरवणाऱ्या रेषेचं, डावीकडचं खालचं टोक थोडं वर उचलायचं, म्हणजे काळ्याचा राखट होतो. उजवीकडचं वरचं टोक २५५ (पूर्ण पांढरं) वरून २४० च्या आसपास आणायचं. फक्त निळ्या रंगाच्या कर्व्हमध्ये (निळ्या चॅनेलमध्ये) सावल्यांकडे किंचित वर आणि उजेडाकडे किंचित खाली केलं की पांढऱ्याला सायीची छटा येते. मोबाइलने केलेलं शार्पनिंग मोडायला अगदी हलका ब्लर द्यायचा. आणि मोबाइलची मुख्य लेन्स फार रुंद पाहते, म्हणून फोटो काढतानाच २एक्सवर, म्हणजे दुप्पट झूमवर जायचं. हे नंतर क्रॉप करूनही जमतं, पण तेवढं बरं नाही.

रंगाचा कल कुठे न्यायचा, हे मात्र जागेवर ठरतं. पोलरॉइडची आजची फिल्म १३ ते २८ अंश सेल्सिअसमध्ये वापरावी असं कंपनीच सांगते. त्याखाली फोटो निळसर आणि फिका येतो, त्यावर पिवळा-तांबूस. म्हणून बर्फातल्या फोटोला मी कधीही पिवळा टोन देत नाही. तयार फिल्टर बर्फाला आणि वाळवंटाला तोच पिवळा चोपडतात.

पांढऱ्या पट्टीला नटवेपणा म्हणालात, ते काही पटलं नाही. खालची पट्टी रुंद असते कारण तिच्यात रसायनाची चपटी पुडी असते. कॅमेऱ्यातून बाहेर पडताना फोटो दोन रुळांमधून दाबला जातो, पुडी फुटते आणि लगदा थरांच्या मधोमध पसरतो. उरलासुरला लगदा वरच्या पट्टीत अडकतो. या लगद्यातच टायटॅनियम डायऑक्साइडचा पांढरा रंग असतो, आणि चित्रातलं पांढरं म्हणून आपण जे पाहतो ते तेच. (फोटो हलवून 'वाळवायची' सवय आधीच्या, कागद सोलून काढायच्या फिल्मची. बंदिस्त फोटोत वाळण्यासारखं बाहेर काही नसतंच, आणि हलवून थर सुटायची भीती.) तेव्हा चारी बाजूंना सारखी चौकट घातली, तर नटवेपणा तो. खऱ्या फोटोचं माप ८८ बाय १०७ मिमी, आतलं चित्र ७९ बाय ७९. पिक्सेलमध्ये चित्र १५८० चं चौरस घेतलंत तर कार्ड १७६० बाय २१४० चं होतं. दोन्ही बाजूंना ९० पिक्सेल सोडायचे, वर त्याहून किंचित जास्त, बाकी सगळं खाली.

खऱ्या कॅमेऱ्याबद्दल वादच नाही, जरूर घ्यावा. २००८ मध्ये पोलरॉइडने इन्स्टंट फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. नेदरलँड्समधल्या एन्शेडेचा कारखाना काही जणांनी हाती घेतला आणि २०१० पासून नव्याने फिल्म काढली, म्हणून आज ती मिळते. फुजी कंपनीची इन्स्टॅक्स ही इन्स्टंट फिल्म तर १९९८ पासून चालूच आहे. पण पोलरॉइडच्या एका पॅकमध्ये आठच फोटो, विमानतळांवरच्या नव्या सीटी स्कॅनरमधून गेलेली फिल्म धुरकटते, आणि थंडीत फोटो उमटेपर्यंत कोटाच्या आतल्या खिशात जपावा लागतो. लांबच्या प्रवासात हे सगळं मला झेपत नाही. शिवाय त्या फोटोची निगेटिव्ह नसते, असते ती एकच प्रत. ती कुणाला देऊन टाकली की आपल्याकडे काही उरत नाही. एडिटिंगने हे कधीच साधणार नाही आणि मी तसा दावाही केलेला नाही.

आणि प्रत्येक फोटोवर हे करावं असंही नाही. शिलालेख, नकाशे, वाटेवरच्या खुणा, म्हणजे पुढे कुणाला उपयोगी पडेल अशा कशालाही मी हात लावत नाही. मूळ फाइल तशीच ठेवतो, बदल प्रतीवर करतो, आणि खालच्या पट्टीवर तारीख लिहिलीच तर फोटो काढल्याची, सालासकट.

तुमचा एखादा फोटो या पद्धतीने करून बघायचा असेल तर जरूर पाठवा. मूळ फाइलच पाठवा, व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली नको. तिच्यावर आधीच इतकं कॉम्प्रेशन झालेलं असतं की कर्व्ह जरा ओढला तरी आकाशात पट्टे उठतात.