बरणीपेक्षा जाळीचा डबा बरा

लेखात सुरवंटाचं फुलपाखरू होताना बघण्यासाठी तो झाकणाला भोकं पाडलेल्या काचेच्या बरणीत पाळायला सांगितलंय. मुलांसाठी उपक्रम उत्तमच, फक्त बरणी नको. पानांची वाफ आत धरते, विष्ठेला बुरशी येते आणि सुरवंट काळा पडून मरतो. त्याऐवजी फूटभर उंचीचा डबा घ्या, तळाला कागद आणि तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा. कागद रोज बदला.

कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या पानांवर शोधा. लहान सुरवंट हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखा दिसतो, मोठा झाला की हिरवा होतो. हलकेच डिवचला तर डोक्यामागून नारिंगी, दोन फाट्यांचं शिंग काढतो आणि उग्र वास सोडतो. मुलांना हे एकदाच दाखवा, सारखं नको. सुरवंट बोटांनी उचलू नका, पानासकट हलवा.

पानं घरच्या झाडाचीच द्या. मंडईतल्या जुडीवर फवारणी असू शकते. फांदी पाण्यात ठेवलीत तर बाटलीचं तोंड कापसाने बंद करा, नाहीतर सुरवंट आत बुडतो.

खाणं थांबवून पातळ विष्ठा टाकली की घाबरू नका, तो कोष करणार. आत तिरकी काडी हवी आणि कोषाखाली वीतभर मोकळी जागा; ती नसली तर पंख चुरगळलेलेच वाळतात. कोषातून फुलपाखरू बाहेर यायला एरवी आठ-दहा दिवस पुरतात, पण नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जास्त लागतात. कोष मेला समजून टाकू नका!

आणि सुरवंटाच्या गोष्टीचं पुस्तक फुलपाखरू उडाल्यावर वाचा. आधी वाचलं की मुलं बघायचं सोडून पुढचं सांगत बसतात.