ऊसतोडीच्या 'दोन लाखां'चा हिशेब

गाळप हंगाम तोंडावर आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो: 'ऊसतोडीला गेलेलं जोडपं सहा महिन्यांत दोन लाख कमावतं आणि उरलेले सहा महिने बसून खातं. काम काय, तर कोयता चालवायचा. कष्टाची लाज नाही त्याला गरिबी नाही.'

आधी दोन लाख. जानेवारी 2024 मध्ये तोडणीदर 34 टक्क्यांनी वाढून टनाला साधारण 366 रुपये झाला. नवरा-बायको मिळून एक 'कोयता', आणि तो दिवसाला दीड ते दोन टन तोडतो. दोन टन धरा: 732 रुपये, माणशी 366. हंगामात 120 दिवस काम मिळालं तर 240 टनांचे 87,840 रुपये. दोन लाखांसाठी रोज साडेचार टन तोडावे लागतील. एवढं दोन माणसांच्याने होत नाही. फिरणारा आकडा बहुधा उचलीवरून आलेला असावा. उचल म्हणजे कमाई नव्हे, मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, घेतलेली आगाऊ रक्कम, जी तोडून फेडायची असते. उचल लाखाची असेल, तर वरच्या हिशेबात 12,160 रुपये अंगावर राहतातच, शिवाय हंगामात बाजारासाठी घेतलेली खर्ची, म्हणजे खर्चाची रक्कम, वेगळी. ही बाकी पुढच्या हंगामावर जाते आणि पुढच्या वर्षी कोणाच्या टोळीत जायचं, तेही तिथेच ठरून जातं.

'कोयता चालवायचा' हे म्हणणाऱ्याने फडात अर्धा दिवस काढावा. घाव जमिनीलगत बसावा लागतो. बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते. चार बोटं खुंट राहिला तर शेतकऱ्याचं वजन जातं आणि खोडव्याचे, म्हणजे त्याच बुडख्यातून येणाऱ्या पुढच्या पिकाचे, फुटवे वरूनच, कमजोर निघतात. मग पाचट काढा, शेंड्याचं वाढं उडवा, मोळ्या बांधा आणि डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवा. तोडलेला ऊस पडून राहिला की वजन आणि उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) दोन्ही घटतात, म्हणून गाडी रात्री दोनला आली तरी तेव्हाच भरायची. दवाने फळी ओली असते. पाय घसरला की मोळीसकट माणूस खाली.

कष्ट वाढवले की पैसे वाढतात, हेही इथे खरं नाही. कारखान्याच्या आवारात गाड्यांची रांग लागली किंवा गाळप बंद पडलं, की टोळी बसून राहते. त्या दिवसाची मजुरी नाही. उलट मजुराने सुट्टी घेतली की 'खाडा', आणि बऱ्याच टोळ्यांत त्याचा दंड पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त. ताप आला तरी खाडाच.

याची सगळ्यांत जबर किंमत बायका देतात. राहायच्या कोपीजवळ, म्हणजे पाचटाच्या झोपडीजवळ, संडास नाही, पाणी लांबून आणायचं, स्वयंपाक पहाटे फडावर जाण्याआधी. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्याच्या पाहणीचे आकडे आले: 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली. पाळीच्या त्रासाने पडणारे खाडे आणि कॅन्सरची भीती घालणारे डॉक्टर, दोन्ही कारणं त्या चर्चेत वारंवार आली.

राहिलं 'बसून खातं'. कोरडवाहू तुकडा असेल तर त्यात कापूस किंवा सोयाबीन, नसेल तर दुसऱ्याच्या रानात खुरपणी. आणि बियाणं, खत, मुलांच्या वह्या-पुस्तकं यांना पैसा लागतो त्याच दिवसांत मुकादम पुढच्या हंगामाची उचल घेऊन दारात येतो.