मायोर्काचा तो ‘डायनोसॉर’ डायनोसॉर नाहीये, आणि बेटावरचा पण नाहीये

आधी फॅमिली ग्रुपवर आली, मग सोसायटीच्या, आणि परवा चक्क ट्रेकच्या ग्रुपवर पण तीच पोस्ट. ज्यांना आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: ‘स्पेनच्या मायोर्का बेटावर जगातला सगळ्यात जुना डायनोसॉर सापडला, २७ कोटी वर्षांपूर्वीचा, कुत्र्याएवढा सरपटणारा राक्षस, तलवारीसारखे सुळे, बेटावर अडकल्यामुळे आकार लहान राहिला, अख्खा सांगाडा मिळाला, आणि हाच माणसाचा मूळ पूर्वज.’ खाली जबडा वासलेलं चित्र.

आता मूळ बातमी खोटी नाहीये हं. डिसेंबर २०२४ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये त्यावर रीतसर पेपर आलाय, आणि शोध खरोखर भारी आहे, पण पोस्ट लिहिणाऱ्याने बेटाचं नाव, वय आणि सुळे एवढंच धड ठेवून बाकी सगळ्याची मिसळ केलीय.

पहिलं म्हणजे डायनोसॉर. सगळ्यात जुने म्हणून जे डायनोसॉर माहितीयेत ते साधारण २३ कोटी वर्षांपूर्वीचे, आणि हा प्राणी २७-२८ कोटींचा. म्हणजे चार-पाच कोटी वर्षांचा फरक. टी-रेक्स जाऊन आत्ता साडेसहा कोटी वर्षं झालीत, त्यावरून अंदाज घ्या केवढा काळ आहे तो. हा प्राणी होता गॉर्गोनॉप्सियन नावाच्या शिकारी गटातला, आणि त्या गटातला आजवरचा सगळ्यात जुना नमुना हाच. ‘सगळ्यात जुना’ हे शब्द तिथून उचलले आणि पुढे डायनोसॉर चिकटवून दिलं.

‘सरपटणारा’ हा मुद्दा मात्र मला फार आवडतो, कारण तो आपल्या स्वतःच्या डोक्यावर तपासता येतो. दोन बोटं कानशिलावर ठेवा आणि दाढा आवळा. आत काहीतरी टचकन फुगतं ना? तो जबड्याचा स्नायू. तो गालाच्या हाडाच्या कमानीमागून खाली उतरून खालच्या जबड्याला धरतो, आणि ती जागा म्हणजे आपल्या फार जुन्या पूर्वजांच्या कवटीत डोळ्यामागे प्रत्येक बाजूला जे एक भोक होतं त्याचाच वारसा. ज्यांना असं एक भोक ते सिनॅप्सिड, त्यात गॉर्गोनॉप्सियन पण आले आणि तुम्ही-मी, गाय, वटवाघूळ सगळे आले. मगर, डायनोसॉर वगैरे मंडळींच्या कवटीला प्रत्येक बाजूला दोन भोकं, ते वेगळं घराणं, सरीसृपांचं म्हणजे सरपटणाऱ्यांचं. जुन्या पुस्तकांत अशा प्राण्यांना ‘सस्तनांसारखे सरीसृप’ म्हणायचे, आमच्या वेळी तेच शिकवलं, त्यामुळे पोस्टवाल्याला इथे पूर्ण दोष देत नाही मी. पण आता ते नाव मागे पडलंय.

आणि सरपटणारा तर नाहीच नाही. बान्यालबुफार गावाजवळच्या लाल खडकात जे मिळालं त्यात मांडीचं हाड मस्त टिकलंय, आणि त्यावरून दिसतं की याचे पाय सरड्यासारखे बाजूला फाकलेले नव्हते, बऱ्यापैकी अंगाखाली होते.

अख्खा सांगाडा? नाही हो. कवटीचे तुकडे, मणके, फासळ्या आणि ते मांडीचं हाड. तेवढंही या काळासाठी लॉटरीच म्हणायची. लांबी साधारण मीटरभर. संशोधकांपैकी एकाने लोकांना समजावं म्हणून हस्की कुत्र्याची उपमा दिली होती, म्हणजे आकाराने तेवढा, पण अंगावर केस नाहीत आणि बाहेर आलेले कान नाहीत. फॉरवर्ड होत होत उपमेचं काय होतं ते आपण बघतोच.

आता बेट. इथे तर पोस्टने कमालच केलीय, कारण तेव्हा बेट नव्हतं, आणि भूमध्य समुद्र पण नव्हता! सगळे खंड चिकटून एकच पँजिया होता आणि आजचं मायोर्का त्याच्या पोटात विषुववृत्ताजवळ. पूर येऊन पसरणारी मैदानं, तात्पुरती डबकी, एक ओला ऋतू आणि एक कोरडा, म्हणजे पावसाळा-उन्हाळा, आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ती डबकी प्राण्यांचं पाणी प्यायचं ठिकाण आणि शिकाऱ्याचं जेवायचं ठिकाण. मग हा अडकला कुठे? बेटावर राहून आकार बदलतो हे खरंय, पण ती उदाहरणं खूप नंतरची: सिसिलीतले जेमतेम मीटरभर उंचीचे हत्ती, किंवा याच मायोर्कावरचा मायोट्रॅगस हा ठेंगणा बोकडासारखा प्राणी, जो माणूस बेटावर आल्यानंतर संपला. ते सगळं आणि हा शिकारी एकाच पोस्टमध्ये कोंबणं म्हणजे आजोबा आणि नातू एकाच वर्गात बसवणं, तेही कमीच झालं.

शेजारच्या सार्डिनिया या इटलीच्या बेटाचंही तेच. आल्गेरो शहराजवळ आलियेरासॉरस नावाचा अवाढव्य शाकाहारी सिनॅप्सिड मिळाला, २०१४ मध्ये त्याला नाव दिलं, सहा-सात मीटर लांब असावा. त्यालाही लोक बिनधास्त ‘सार्डिनियाचा डायनोसॉर’ म्हणतात. नावात सॉरस असलं की झालं. असे सिनॅप्सिड आपल्या बाजूला पण आहेत बरं का, गडचिरोलीला लागून तेलंगणात कुंदारमच्या खडकांत एंडोथायोडॉन मिळालाय, आणि त्याचे भाऊबंद थेट आफ्रिकेत.

‘माणसाचा मूळ पूर्वज’ यावर फार लिहीत नाही. गॉर्गोनॉप्सियन ही चुलत शाखा, साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशात ती संपली, मागे कुणी उरलं नाही. आपण आलो सायनोडॉन्टच्या शाखेतून. चुलत पणजोबाला पणजोबा म्हणायला हरकत नाही, पण वारसाहक्क लावू नका.

आणि गंमत म्हणजे मायोर्काच्या त्याच जुन्या खडकांत खराखुरा सरीसृप पण मिळालाय, ट्रामुंटानासॉरस, तिथल्या ट्रामुंटाना डोंगररांगेवरून नाव, जबड्यात दातांच्या एकामागे एक रांगा. त्याची पोस्ट मला अजून एकाही ग्रुपवर आलेली नाही. हे सगळं फॅमिली ग्रुपवर टाकल्यावर एका काकांचं उत्तर आलं, ‘अरे पण खाली फोटो आहे ना त्याचा.’ काका, तो फोटो नाहीये, चित्र आहे.